केबल नाही, तरी लिंक अप: फिक्स्ड-लिंकची गोष्ट

आजचा भाग एका प्रश्नावरून सुरू होतोय. धुळ्याहून इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्यानं विचारलंय. त्यानं जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं, आत सिरियल वायर जोडली आणि बूट होताना पडद्यावर सरकणारा मजकूर वाचला. त्यात एक ओळ आली, की लिंक अप आहे, एक गिगाबिट, फुल डुप्लेक्स. आणि तेव्हा राउटरला एकही नेटवर्क केबल लावलेली नव्हती. त्याचा प्रश्न साधा: मग लिंक अप कुणाशी?

प्रश्न झकास आहे. उत्तर सांगून टाकतो. ही लिंक राउटरच्या आतल्याच दुसऱ्या एका चिपशी आहे. आणि ती चिप खरोखर जागी आहे का, हे ड्रायव्हरनं विचारलेलंच नाही. कुणीतरी आधी लिहून ठेवलंय की ‘समोर एक गिगाबिट आहे असं धरून चाल’, आणि ड्रायव्हर तसं धरून चाललाय. या लिहून ठेवण्याला लिनक्समध्ये ‘फिक्स्ड-लिंक’ म्हणतात. हे असं न विचारता धरून चालायची वेळ का आली, आणि ते नीट लिहायला दहा वर्षं का लागली, ती आजची गोष्ट.

दोन शब्द आधी समजून घेऊ. नेटवर्क कार्डात दोन माणसं बसलेली असतात असं समजा. एक मॅक. हा कारकून. पाकिटं बांधतो, पत्ता घालतो, मोजणी तपासतो. दुसरा फाय. हा दारावरचा माणूस. प्रत्यक्ष तारेवर विजेचे चढउतार तोच पाठवतो आणि तोच ओळखतो. बाहेर कुणी आलंय का, कोणत्या वेगानं बोलतंय, हे कारकुनाला स्वतःला कळत नाही. तो फायला विचारतो. विचारण्यासाठी दोघांमध्ये दोन तारांची एक बारीक वाट असते, तिला एमडीआयओ म्हणतात. फायच्या पोटात सोळा-सोळा बिटांचे ३२ कप्पे असतात. त्यातल्या एक क्रमांकाच्या कप्प्यात एक बिट असतं: लिंक आहे की नाही. ड्रायव्हर दर सेकंदाला वगैरे तो कप्पा उघडून बघतो. एवढंच.

आता मागे जाऊ. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टोच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा ‘लिंक आहे का’ हा प्रश्नच नव्हता. जाड केबल भिंतीच्या कडेनं गेलेली, सगळे तिलाच चिकटलेले. बावीवरच्या दोरासारखं, ज्याला पाणी हवं त्यानं ओढायचं. दोघांनी एकदम ओढलं तर टक्कर, मग दोघांनी थांबून पुन्हा. वेग एक, पद्धत एक. ठरवायचं काय?

प्रश्न आला १९९० मध्ये. हे वर्ष आपल्याकडच्या लोकांना लक्षात ठेवायला सोपं आहे, कारण त्याच वर्षी १५ ऑगस्टला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. तिकडे आयईईईनं टेन-बेस-टी हे मानक मंजूर केलं: टेलिफोनसारखी पिळाची तार, मध्ये हब, प्रत्येकाला स्वतंत्र वायर. आता वायर मध्येच तुटली तर कळणार कसं? म्हणून ठरलं की बोलायला काही नसेल तेव्हाही दोन्ही टोकांनी साधारण १६ मिलिसेकंदांनी एक ठोका द्यायचा. ठोका येतोय म्हणजे समोर कुणीतरी आहे. हबवरचा तो छोटा हिरवा दिवा जन्माला आला तो या ठोक्यातून. मला ही कल्पना फार आवडते. मजकूर नाही, काही नाही, नुसतं ‘आहे मी, आहे मी’.

पाच वर्षांत शंभर मेगाबिट आलं. म्हणजे आता काही कार्डं दहावाली, काही शंभरवाली, काही दोन्ही करणारी. शिवाय हाफ डुप्लेक्स आणि फुल डुप्लेक्स हा दुसरा घोळ. हाफ म्हणजे एकानं बोलायचं तेव्हा दुसऱ्यानं ऐकायचं. फुल म्हणजे दोघांनी एकदम बोललं तरी चालेल. (हा ‘डुप्लेक्स’ शब्द तारखात्याकडून आलाय. एकाच तारेवरून दोन्हीकडून एकदम संदेश पाठवायची युक्ती एकोणिसाव्या शतकातच निघाली होती. तो वेगळा भाग होईल.) १९९५ च्या फास्ट इथरनेट मानकात यावर तोडगा आला तो ऑटो-निगोशिएशन. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीच्या ‘एनवे’ या तंत्रावरून तो घेतलेला. त्या एका ठोक्याच्या जागी बारीक ठोक्यांचा एक झुबका पाठवायचा, त्यात १६ बिटांचा निरोप: मला दहा येतं, शंभर येतं, फुल येतं. समोरचाही आपलं सांगतो. दोघांना येणाऱ्यातलं जे सगळ्यात चांगलं, त्यावर ठरतं.

१९९५ म्हणजे आपल्याकडे व्हीएसएनएलनं लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते साल. त्यानंतरच्या दहा वर्षांत जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत, पतपेढ्यांत, जिनिंगच्या ऑफिसांत जी नेटवर्कं उभी राहिली, ती बहुतेक मिश्र होती. जुनं हब, नवा स्विच, तिसऱ्याच कुणाचं कार्ड. आणि तिथे एक खोड सगळ्यांना लागली. ऑटोवर भरवसा नाही म्हणून सर्व्हरचं कार्ड हातानं ‘शंभर, फुल’ करून टाकायचं. वाटायचं, ठरवून दिलं की भानगड नाही.

भानगड तिथेच होती. तुम्ही एका टोकाला हातानं ठरवलंत की ते टोक निरोपाचे झुबके पाठवणं बंद करतं. समोरचा स्विच अजून ऑटोवरच आहे. त्याला झुबका येत नाही, पण सिग्नलवरून वेग ओळखता येतो: शंभर. डुप्लेक्स मात्र सिग्नलवरून ओळखता येत नाही. मग मानक सांगतं, शंका असेल तर हाफ धर. झालं. एक टोक फुल, एक हाफ. पिंग केलं की छान उत्तर येतं, कारण छोटी पाकिटं एकेक करून जातात. मोठी फाइल टाकली की दोन्ही बाजू एकदम बोलू लागतात, हाफवाला त्याला टक्कर समजतो, पाकीट टाकून देतो, आणि वेग बैलगाडीवर येतो. दोन्हीकडे दिवा हिरवाच. त्या काळात नेटवर्क सांभाळणाऱ्या ज्याला विचाराल तो हे दुखणं सांगेल. पुढे १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट आलं तेव्हा ऑटो-निगोशिएशन सक्तीचंच केलं, कारण तिथे घड्याळ कुणाचं चालायचं हेही दोघांना आपसात ठरवावं लागतं.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की हातानं ठरवलेला वेग आणि फिक्स्ड-लिंक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि लोक त्यांची सर्रास गल्लत करतात. पहिल्यात समोर विचारता येण्याजोगं कुणीतरी असतं, आपण विचारत नाही. दुसऱ्यात विचारायची सोयच नसते.

अशी जागा कुठे येते? राउटरच्या पोटात. बाहेरून पाच छिद्रं दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं आत पाच नेटवर्क कार्डं असतील. तसं नसतं. आत एक प्रोसेसर असतो, त्यात एक किंवा दोन मॅक. शेजारी स्विचची चिप असते, तिच्यात पाच फाय, पाच छिद्रांसाठी. प्रोसेसरचा मॅक आणि स्विचचा एक मॅक हे थेट एकमेकांना जोडलेले असतात. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, बोटाच्या दोन पेरांएवढ्या लांब. दोन्हीकडे कारकून, दारावरचा माणूस कुठेच नाही. त्याची गरजही नाही. दहा पैशांचं काम असेल तर कंपनी तिथे फायची चिप का घालेल?

चाळीसगाव-धुळे लोहमार्ग डोळ्यांसमोर आणा. १९०० साली सुरू झालेला फाटा. धुळे स्टेशनवर कित्येक पिढ्यांनी ‘ही गाडी कुठे जाते’ हे विचारलं नाही. एकच रूळ, दुसऱ्या टोकाला चाळीसगावच. भुसावळला विचारावं लागतं, कारण तिथून नागपूरकडेही वाट आहे, खांडव्याकडेही. प्रोसेसर आणि स्विच यांच्यामधला तो रस्ता धुळ्याच्या फाट्यासारखा आहे. पण एक मात्र लक्षात ठेवा, रूळ एकच आहे याचा अर्थ समोरून गाडी निघालीच आहे असा होत नाही. त्यावर पुढे येतो.

आता ड्रायव्हर लिहिणाऱ्याची अडचण बघा. २००५ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये फायलिब आली. अँडी फ्लेमिंग तेव्हा फ्रीस्केलसाठी काम करत होते, त्यांचं हे काम. त्याआधी प्रत्येक ड्रायव्हर फायशी बोलायचं स्वतःचं वेगळं गाठोडं बाळगायचा. फायलिबनं ते एका जागी आणलं: फाय शोधणं, दर थोड्या वेळानं कप्पे वाचणं, बदल झाला की ड्रायव्हरला हाक मारणं. चांगलं झालं. पण या व्यवस्थेत एक गृहीत होतं, की फाय आहे. फायच नसेल तर हाक मारणार कोण? ड्रायव्हर वाट बघत बसणार, लिंक कधी अप होणारच नाही, आणि राउटर मुका.

यावर पहिला उपाय आला २००६-०७ च्या सुमारास, माँटाव्हिस्टा कंपनीतल्या विताली बोर्डुग यांच्याकडून. पुढे अँटोन व्होरोंत्सोव यांनी त्यावर काम केलं. कल्पना ऐकून हसू येतं, पण ती चालली. खरा फाय नाही ना? मग सॉफ्टवेअरमध्ये एक खोटा तयार करायचा. खोटी एमडीआयओ वाट, तिच्यावर खोटा फाय, त्याचे खोटे कप्पे. फायलिबनं एखादा कप्पा मागितला की हे सॉफ्टवेअर आधी सांगून ठेवलेल्या वेगावरून त्यातले बिट भरून देतं. लिंक आहे, ऑटो-निगोशिएशन पूर्ण झालंय, समोरच्याला हजार फुल येतं. फायलिबला कळतही नाही की समोर कुणी नाही. बाकीच्या कोडमध्ये एका ओळीचाही बदल नको.

मला विचाराल तर हा शहाणपणाचा जुगाड होता. पर्याय काय होता? प्रत्येक ड्रायव्हरमध्ये ‘फाय असेल तर हे, नसेल तर ते’ अशा फांद्या फुटल्या असत्या. शंभर ड्रायव्हरमध्ये शंभर थापा मारण्यापेक्षा एका ठिकाणी एकच थाप, आणि ती सगळ्यांना माहीत असलेली.

पण थापेचा तपशील लिहायचा कुठे? कुठल्या बोर्डावर कोणता वेग, हे बोर्ड बनवणाऱ्यालाच ठाऊक. पॉवरपीसी बोर्डांवर तेव्हा डिव्हाइस ट्री वापरात होती. म्हणजे बोर्डाचा सातबारा म्हणा: कोणती चिप कुठे, कोणत्या पत्त्यावर, कशाला जोडलेली. त्यात ‘फिक्स्ड-लिंक’ या नावापुढे पाच आकडे लिहायचे. एक, एक, हजार, शून्य, शून्य. पहिला आकडा खोट्या फायचा क्रमांक, दुसरा डुप्लेक्स, तिसरा वेग, चौथा-पाचवा ‘जरा थांब’ हा निरोप पाठवता येतो का, यासाठी.

हा पहिला आकडा बघा. सातबाऱ्यावर जमिनीची हकीकत लिहायची असते. शेत किती, पीक कोणतं, विहीर आहे का. तलाठ्याच्या टेबलावर फाइल कुठल्या खणात ठेवलीय हे त्यावर लिहीत नाहीत. खोट्या फायचा क्रमांक हा बोर्डाचा गुणच नाही, ती लिनक्सच्या आतली सोय. शिवाय नुसते पाच आकडे वाचून कुणाला काय कळणार? एका आकड्याची जागा चुकली तर डुप्लेक्सच्या जागी भलतंच. तरी ते चाललं, कारण वापरणारे मोजके होते.

मग एआरएमची लाट आली. घरातले राउटर, सेट-टॉप बॉक्स, कारखान्यातले कंट्रोलर, सगळीकडे एआरएम. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स एआरएमच्या कोडमधल्या गर्दीवर भडकले, आणि त्यानंतर एआरएमनंही डिव्हाइस ट्री धरली. दरम्यान २००८ मध्ये लेनर्ट बायटेनहेक यांनी स्विचच्या चिपा नीट हाताळणारी डीएसए ही रचना आणली होती. आता फिक्स्ड-लिंक लागणाऱ्या बोर्डांची रांग लागली. २०१४ मध्ये फ्री इलेक्ट्रॉन्सचे, म्हणजे आजच्या बूटलिनचे, थॉमस पेताझोनी यांनी नवी पद्धत मांडली आणि ती ३.१६ या कर्नलमध्ये आली. पाच आकडे गेले. त्याजागी फिक्स्ड-लिंक नावाचा छोटा खाना, त्यात नावानिशी गोष्टी: वेग हजार, फुल डुप्लेक्स. फायचा क्रमांक लिहायचाच नाही, कर्नल आतल्या आत काढेल. जुनी बोर्डं बंद पडू नयेत म्हणून पाच आकडेही वाचले जात राहिले.

धुळ्याच्या मित्रा, तुझ्या राउटरमध्ये जे दिसलं ते हेच.

आता त्या ‘समोरून गाडी निघालीच आहे असं नाही’ या गोष्टीकडे येतो. रावेर-यावल भागात केळी पिकवण्याच्या शीतखोल्या आहेत, रायपनिंग चेंबर म्हणतात. सोळा-अठरा अंशांच्या आसपास तापमान धरायचं, इथिलीन सोडायचा, चार-पाच दिवसांत घड सारखे पिवळे. ओळखीच्या एका व्यापाऱ्यानं तापमान फोनवर दिसावं म्हणून एक डबा बसवून घेतला होता. डब्यात लिनक्सचा बोर्ड, बोर्डावर एक साधी स्विच चिप, तिला खोल्यांचे सेन्सर जोडलेले. एका रात्री खोलीचं तापमान चढलं आणि फोनवर मात्र संध्याकाळचाच आकडा तसाच राहिला. सकाळी दार उघडलं तर अर्धा माल मऊ. व्यापारी मला म्हणाला, “भो, स्क्रीनवर तर हिरवा दिवा होता ना!”

मी तो डबा उघडून बघितला. स्विच चिपला वीज देणारा छोटा रेग्युलेटर गेला होता. चिप पूर्ण मेलेली. आणि बोर्डाचा लॉग काय सांगत होता? लिंक अप, एक गिगाबिट, फुल डुप्लेक्स. रात्रभर. डबा बनवणाऱ्यानं पडद्यावरचा दिवा कर्नलच्या लिंकच्या अवस्थेला बांधला होता, आणि ती अवस्था होती खोट्या फायची. खोटा फाय खाली पडत नाही. त्याला पडायला शिकवलेलंच नाही. १९९० चा तो ‘आहे मी, आहे मी’ ठोका इथे कुणी देतच नव्हतं. दिव्याला मात्र तोच अर्थ दिला गेला होता.

कर्नलवाल्यांना ही उणीव दिसली नव्हती असं नाही. २०१५ मध्ये दोन सोयी आल्या. एक, स्विचच्या चिपमधून एखादी तार ‘मी चालू आहे’ असं सांगायला प्रोसेसरच्या पायाशी आणली असेल, तर फिक्स्ड-लिंकच्या खान्यात तिचा उल्लेख करता येतो. अँड्र्यू लन यांचं हे काम. मग खोटा फाय त्या तारेकडे बघून लिंक वर-खाली करतो. दुसरी सोय एसजीएमआयआयसारख्या जोडण्यांसाठी, जिथे वेग आणि लिंकची खबर डेटाच्या तारेतूनच येते. तिथे खान्यात आकडे न लिहिता ‘खबर आतूनच घे’ असं लिहायचं. पण पहिल्या सोयीसाठी बोर्ड काढतानाच ती तार ओढून ठेवावी लागते. रावेरच्या डब्यात ती नव्हती. म्हणून आम्ही दिवाच त्या लिंकवरून काढला आणि सेन्सरकडून शेवटचं उत्तर कधी आलं त्या वेळेला बांधला. दोन मिनिटं उत्तर नाही, की दिवा लाल आणि फोन वाजणार.

आणखी एक गमतीची गोष्ट. आरजीएमआयआय या जोडणीत हजारसाठी घड्याळ १२५ मेगाहर्ट्‌झचं असतं, शंभरसाठी २५ चं. ऑटो-निगोशिएशनच्या घोळात निदान पिंग तरी जायचं. इथे एका बाजूला हजार आणि दुसऱ्या बाजूला शंभर लिहिलं, तर एक पाकीटही पलीकडे जात नाही. आणि तरीही लॉगमध्ये लिंक अपच. म्हणून बोर्ड हातात आल्यावर स्विच चिपच्या पायांवरचे ते बारीक रेझिस्टर आधी बघायचे. पुष्कळ चिपा वीज येताना त्यांच्यावरून आपला वेग ठरवतात. डिव्हाइस ट्रीतला आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. तो जुळलाय की नाही हे कर्नल तुम्हाला सांगणार नाही, सांगूच शकत नाही.

शेवटचा टप्पा २०१७ चा. रसेल किंग यांचं फायलिंक ४.१४ मध्ये आलं. त्यांना मुळात ऑप्टिकल फायबरचे काढता-घालता येणारे मॉड्यूल हाताळायचे होते, जिथे चालू मशीनवर समोरचा माणूसच बदलतो. त्यासाठी त्यांनी प्रश्न उलटा मांडला: मॅकला लिंकची खबर कुठून मिळते? उत्तरं तीन. फायकडून, तारेच्या आतून, किंवा लिहून ठेवलेली. फिक्स्ड-लिंक ही आता या तिनांतली एक सरळ पद्धत झाली. ड्रायव्हर फायलिंक वापरत असेल तर खोटा फाय, खोटे कप्पे, काही लागत नाही. दहा वर्षांपूर्वी जी थाप होती ती आता उघड नोंद आहे: इथे कुणाला विचारलेलं नाही, बोर्ड बनवणाऱ्याच्या शब्दावर चाललंय. तार ओढलेली असेल तर तिच्याकडे फायलिंकही बघतं.

जुना खोटा फाय मात्र गेलेला नाही. फायलिंकवर न आलेले ड्रायव्हर अजून आहेत, त्यांना तो लागतो.

तर धुळ्याच्या मित्रानं आता एवढं करून बघावं. राउटर चालू असताना ‘प्रोक’ फोल्डरमध्ये ‘डिव्हाइस-ट्री’ म्हणून फोल्डर असतं, त्यात इथरनेटचा खाना शोध, आणि आत फिक्स्ड-लिंक नावाचा खाना आहे का बघ. असला, तर बूटच्या वेळी दिसलेली ओळ तिथूनच आलीय. मग बाहेरच्या एखाद्या छिद्रात केबल लाव आणि काढ. राउटरवरचं फर्मवेअर डीएसए वापरत असेल तर प्रत्येक छिद्राचं वेगळं नाव दिसेल, लॅन-एक, लॅन-दोन असं काहीतरी, आणि त्या नावाची लिंक खरोखर वर-खाली होईल, कारण तिथे खरा फाय बसलाय. ईथ-झिरो हलणार नाही. काय दिसलं ते कळव, पुढच्या भागात वाचून दाखवतो.